मुंग्याकाकांच्या घरचा टीव्ही

आमच्या भागात ज्यांच्याकडे कधीकाळी खोक्यासारखा टीव्ही होता, त्या सगळ्यांना मुंग्याकाकांचा आवाज माहीत आहे. चेहरा कदाचित आठवणार नाही. दारात चप्पल काढली की ते सरळ टीव्हीच्या मागे जाऊन बसत आणि काम होईपर्यंत तिथून हलत नसत. पडद्यावर नुसत्या मुंग्या वळवळत असायच्या. मागून आवाज यायचा, "आलं का?"

समोर बसलेलं घरातलं पोर ओरडायचं, "नाही."

"आता?"

"आलं. आलं. गेलं."

"गेलं तर जाऊ दे, येईल परत. तू जागा सोडू नकोस."

या मुंग्या घालवणारे म्हणून ते मुंग्याकाका. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी जिन्याखाली अंधारात, त्यामुळे ते कुणी वाचलं नाही.

त्यांच्या पिशवीत मीटर, पेचकस, सोल्डरिंगची कांडी आणि हातभर उंचीचा एक आरसा असे, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला. मागे बसून स्क्रू फिरवणाऱ्याला पुढचं चित्र दिसत नाही, म्हणून समोर आरसा उभा करायचा आणि त्यात बघून काम करायचं, ही त्या धंद्याची जुनी रीत. म्हणजे आरसा असताना "आलं का" विचारायची काही गरज नव्हती. पोरांना काम मिळावं म्हणून ते विचारत. आयुष्यभर त्यांनी चित्र उलटं पाहिलं. बातम्यांच्या खाली धावणारी उलटी अक्षरं ते आपण सुलट वाचतो तशी वाचायचे.

आरसा धरायचं काम त्यांच्या मुलीचं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती सहा-सात वर्षांची असेल. आई नव्हती तिला. शाळा सुटली की दप्तरासकट बापाबरोबर घरोघर हिंडायची. टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घालून बसायची, आरसा मांडीत उभा धरायची आणि त्याच्या वरच्या कडेवर हनुवटी टेकवायची. काकांना मागून आरशात चित्र दिसायचं आणि चित्राच्या वर मुलीचा चेहरा. "हलू नकोस गं, बातम्या तिरक्या झाल्या," असं ते म्हणाले की ती गाल फुगवून श्वास रोखायची. माझ्या सासूबाई तिच्या हातावर काहीतरी खाऊ ठेवायला जायच्या, तर दोन्ही हात आरशात अडकलेले म्हणून ती तोंड उघडायची.

ती मोठी झाली, शिकली, नोकरीसाठी एका मोठ्या शहरात गेली. पगार जमवून तिने बापाला स्मार्ट टीव्ही घेऊन दिला, घरी इंटरनेट लावून दिलं. काका महिनाभर सगळ्यांना सांगत होते, "आता मला माझाच टीव्ही उघडायची बंदी आहे." त्यानंतर अकरा महिन्यांनी तिला ताप आला. पाच दिवसांचा ताप. चौथ्या दिवशी काकांना कळलं आणि ते निघाले. पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून काकांशी बोलताना आम्ही सगळेच हवापाण्याचं बोलायला लागलो.

यंदा माझ्या मुलीला, ठमीला, कॉलेजात प्रवेश मिळाला. नेमका त्याच शहरात. इतकी शहरं पडली आहेत, पण तेच. ठमी हे सासूबाईंनी ठेवलेलं नाव, अठरा वर्षांची झाली तरी सुटलेलं नाही. प्रवेशाचा निरोप आला तेव्हा घरात सगळे हसत होते आणि मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण नळ सोडून उभी राहिले. कुणाला काही बोलले नाही. बोलायचं तरी काय? एका शहरात लाखो मुली राहतात, जेवतात, अभ्यास करतात, घरी येतात. मला त्यातली एकच दिसत होती.

नवीन टीव्हीचा विषय तिथूनच निघाला. सासूबाईंची नजर अधू आहे. फोनवर ठमीचा चेहरा त्यांना नुसता डाग दिसतो. ठमी म्हणाली, "स्मार्ट टीव्ही घेऊ या. फोनवरचं बोलणं त्यावर लावता येतं. आजी, मी तुला भिंतीएवढी दिसेन."

"आत्ताच दिसतेस भिंतीएवढी," सासूबाई म्हणाल्या. "जरा वाटेतून सरक."

नवरा म्हणाला, "घ्या. टीव्हीही हुशार झाला म्हणजे या घरात मी एकटाच राहिलो."

घेताना काकांना विचारायचं, हे ठरलेलंच होतं. आमचा बारा वर्षांचा जुना टीव्ही त्यांनी तीनदा जगवला होता. ते आले, त्याच्या पाठीवर हात ठेवून ऊब बघितली आणि म्हणाले, "याला आता त्रास देऊ नका." मग खिशातून टेप काढून सोफ्यापासून भिंतीपर्यंत मोजलं. सव्वासात फूट. "त्रेचाळीस इंची पुरे. दुकानदार पंचावन्न गळ्यात मारील. पंचावन्न इथे लावला तर खेळ बघताना मान इकडून तिकडे करत बसाल." मग सासूबाईंच्या खुर्चीत जाऊन बसले. ती खुर्ची खिडकीपाशी, एका बाजूला. "बाजूने बघितलं तर रंग उडतो, अशा पडद्याचा घेऊ नका. सगळ्यात जास्त वेळ टीव्ही बघणारं माणूस इथे बसतं."

"बघते कुठे," सासूबाई म्हणाल्या. "ऐकते."

शनिवारी काका, मी आणि ठमी दुकानात गेलो. अख्खी भिंत टीव्हींनी भरलेली. सगळ्यांवर एकच चित्र चालू होतं: हिरवे पोपट, कापलेली फळं, पाण्याचे थेंब. विक्रेता उत्साहात होता. काका म्हणाले, "पोपट आणि फळं सगळ्याच टीव्हीवर छान दिसतात. बातम्या लाव. माणसाचा चेहरा बघू. चेहरा बरोबर दिसला पाहिजे, बाकी सगळं बरोबरच येतं."

त्याने बातम्या लावल्या. काका एकेका टीव्हीसमोर उभे राहिले, बाजूला गेले, परत समोर आले. एकाला म्हणाले, "बाई कावीळ झाल्यासारखी दिसते." दुसऱ्याला, "हिचं नाक कुठे गेलं?" तिसरा आवडला, तर तो बंद करून परत चालू करायला लावला आणि बोटांच्या पेरांवर सेकंद मोजले. पेरं संपली तरी टीव्ही उठेना. "स्वस्त आहे तो यामुळे. आत डोकं कमी आहे. वर्षभराने रिमोट दाबून तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन परत याल, तोपर्यंत हा विचारच करत बसलेला असेल." रिमोटवर आकड्यांची बटणं आहेत का, दुरुस्तीला माणूस घरी येतो की टीव्ही खांद्यावर टाकून न्यावा लागतो, मागच्या चिकटवलेल्या कागदावर कोणता महिना छापलाय, सगळं बघितलं. मी शांतपणे मागे उभी होते. कुणीतरी आपल्यासाठी इतकं बारीक बघतंय, याचं बरं वाटत होतं.

मग विक्रेता म्हणाला, "काका, यात अजून एक गंमत आहे. टीव्ही पाच मिनिटं मोकळा राहिला की त्यावर घरच्यांचे फोटो आपोआप येतात."

काका त्याच्याकडे वळले. "ते आत कुठल्या भागात असतात?"

"काय?"

"फोटो. मुख्य सर्किटच्या पाटीवर असतात की वेगळी चिप असते?"

विक्रेता हसला. "काका, हे उघडायचं नसतं."

काकांनी परत विचारलं नाही. पण त्यानंतर ते कुठलाच टीव्ही नीट बघेनात. बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला थांबून म्हणाले, "सूनबाई, यांच्याकडचं काही घेऊ नका. आमच्या घरी आहे तो न्या. त्रेचाळीसच आहे. बाजूनेही चांगला दिसतो. अर्ध्या किमतीत देतो."

ठमीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "काका, तो नको. तो तिने..."

"माझ्याकडे बघायला कोण आहे? पडून राहिला की सेट खराब होतो. चालता राहिला पाहिजे." मग अंमळ थांबून, "चेहरा बरोबर दिसतो त्यावर," म्हणाले.

मला नको होता. खरं सांगायचं तर मला त्या घरातली कुठलीही वस्तू माझ्या घरात, ठमी निघायच्या तोंडावर, नको होती. पण तोंडावर नाही कसं म्हणणार? नवऱ्याला मात्र व्यवहार पटला. दोन दिवसांनी काका आणि तो टीव्ही घेऊन आले. ठमीने आमच्या इंटरनेटचा पासवर्ड टाकला. कोपऱ्यातल्या एका गोलात एक अक्षर होतं. आमच्यापैकी कुणाच्याच नावाचं ते नव्हतं. तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. काका लगेच निघून गेले, पाणीही न पिता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत ठमीच्या बॅगेत भरायच्या सामानाची यादी करत होते. बाहेर सासूबाईंची मालिका संपली होती. त्यांनी हाक मारली, "अगं, ठमी आली का घरी?"

"नाही. का?"

"मग ही कोण इथे?"

मी बाहेर आले. टीव्हीवर, पडदाभर, काकांची मुलगी होती. कुठल्यातरी गच्चीत उभी, ओले केस, हातात कप. ती थेट माझ्याकडे बघून हसत होती. मग ती विरत गेली आणि दुसरी आली, कुणा मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं ठेवलेली. मग तिसरी.

"ठमीच ना?" सासूबाई म्हणाल्या. "बारीक झालीये."

मी रिमोट शोधेपर्यंत पाच-सहा चेहरे येऊन गेले. टीव्ही बंद केला. काळ्या काचेत मी आणि मागे खुर्चीतल्या सासूबाई दिसत होतो. "ठमी नव्हती ती," मी म्हणाले. "जाहिरात होती."

त्यानंतर टीव्ही मोकळा राहणार नाही याची काळजी मी घेऊ लागले. चार मिनिटं झाली की येऊन एखादं बटण दाबायचं. फोडणी टाकून यायचं, बटण दाबून परत जायचं. तरी कधीतरी चुकायचंच. दळण आणायला म्हणून गेले आणि परत आले तर ती दिवाणखान्यात होती, एका अरुंद खोलीत, पलंगावर पाय पसरून. त्या खोलीचं कपाट, खिडकीची जाळी मी नीट बघून घेतली. ठमीच्या वसतिगृहाच्या खोलीचा फोटो तिने मला दाखवला होता. तशीच जाळी. जाळ्या सगळीकडे तशाच असतात, हे मलाही कळतं.

सगळ्यात वाईट होता तो शेवटचा. बहुतेक शेवटचा, कारण त्याच्यानंतर परत गच्चीचा यायचा. त्यात चेहराच नव्हता. पांढऱ्या चादरीवर एक हात, मनगटावर चिकटपट्टी, तिच्यातून वर गेलेली नळी, आणि अंगठा उंचावलेला. कुणाला तरी मजेत पाठवायला काढला असणार, की बघा, काही झालेलं नाही मला.

मी ठमीला सांगितलं, "हे काढून टाक."

तिने बघितलं, सेटिंगमध्ये जाऊन आली आणि रिमोट खाली ठेवला. "आई, हे टीव्हीत नाहीयेत. तिच्या खात्यात आहेत, इंटरनेटवर. टीव्ही तिच्या खात्याने चालू आहे. मी त्या खात्यातून बाहेर पडले तर परत आत जायला तिचा पासवर्ड लागेल, आणि तो कुणाकडे असणार?"

"काकांकडे असतील की फोटो."

"काकांचा फोन बटणांचा आहे, आई."

"मग काय करायचं? ठेवायची अशी घरात?"

"त्यांना सांगायचं."

"सांगू," मी म्हणाले. सांगितलं नाही. दहा दिवस नाही सांगितलं. वाटायचं, सांगितलं तर ते रोज येऊन बसतील. मी ठमीची बॅग भरत असेन आणि ते तिथे बसून त्यांच्या मुलीकडे बघत असतील, जिची बॅग त्यांनीही अशीच भरली होती. आणि ठमी ते सगळं बघून निघेल.

एका दुपारी सासूबाई झोपल्या होत्या. मी एकटी बसले आणि ठमीने उघडलं होतं ते सेटिंग शोधून काढलं. टीव्हीने विचारलं: या टीव्हीवरील सर्व माहिती पुसायची का? खाली हो आणि नाही. हो वर निळा रंग होता. एक बटण दाबायचं होतं. कुणाला कळलंही नसतं. काकांना तर नाहीच, त्यांनी टीव्ही दिला तो दिलाच. मी किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. आत पुसायला एक मुलगी होती आणि पुसणारी मी होते, एका मुलीची आई. शेवटी मी टीव्हीचं मुख्य बटणच बंद केलं आणि चप्पल घालून काकांच्या दुकानाकडे निघाले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. निदान इतकं तरी विचारावं, की हे फोटो त्यांच्याकडे आहेत ना?

जिन्याखालचं ते दुकान माणूसभर रुंदीचं. फळ्यांवर जुन्या टीव्हींच्या कवट्या, मध्ये एक दिवा. हल्ली त्यांच्याकडे रिमोट आणि चार्जरच येतात. त्यांनी माझ्यासाठी स्टूल पुसलं.

"सेट काही कुरकुर करतोय?"

"नाही. चांगला आहे." मग मी विचारलं, "काका, तुम्ही तो उघडला होता का कधी?"

ते हातातल्या रिमोटचं झाकण लावत राहिले. लावून झाल्यावर म्हणाले, "चार वेळा."

"का?"

"त्यावर तिचे फोटो यायचे. तिनेच लावून दिले होते. म्हणाली, तुम्ही फोन बघत नाही, मग मी टीव्हीवरच येत जाईन. रोज नवे यायचे. ती गेल्यावरही यायचे, जुनेच, पण यायचे. मी जेवायला तिथेच बसायचो. मग एक दिवस बंद झाले. तिच्या जागी डोंगर यायला लागले. डोंगर, समुद्र, बर्फ. कुठले कुठले डोंगर." त्यांनी रिमोट बाजूला ठेवला. "मागचं झाकण उघडलं. एक मुख्य पाटी, एक वीजपुरवठ्याची, दोन स्पीकर. बाकी पोकळ आहे सगळं, सूनबाई. एवढ्या मोठ्या सेटमध्ये काही नाही आत. फोटो कुठे ठेवले असतील तेच सापडेना. पाटी बदलणार होतो, पण म्हटलं त्याच पाटीवर असले तर? मग परत बंद केला. परत उघडला."

"इंटरनेट चालू होतं का?"

"होतं की. त्या डबीचे दिवे लागत होते. मी मीटर लावून बघितलं, विजेचा दाब बरोबर येत होता."

दिवे लागत होते. वीज येत होती म्हणून दिवे लागत होते. तिने वर्षभराचे पैसे भरले होते, ते वर्ष संपलं, जोडणी तुटली आणि डबी तशीच लुकलुकत राहिली. शेजारच्या कुठल्याही पोराने दोन मिनिटांत सांगितलं असतं.

"कुणाला दाखवलं नाहीत?"

काका हसले. त्या दिवसात पहिल्यांदाच. "टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने टीव्ही कुणाला दाखवायचा?"

मग म्हणाले, "घरात ते डोंगर बघवेनात. टाकून देता येईना. तुमच्याकडे निदान माणसं समोर बसतील."

मी उठले. म्हणाले, "काका, घरी चला."

घरी चला म्हटलं की पिशवी उचलायची, ही चाळीस वर्षांची सवय. त्यांनी पिशवी उचलली.

घरी ठमी आली होती. मी तिच्याकडे बघून नुसती मान हलवली आणि तिला कळलं. तिने टीव्ही लावला आणि रिमोट बाजूला ठेवला. मी काकांना म्हणाले, "पाच मिनिटं थांबावं लागेल." बसा म्हटलं तर ते सोफ्यावर बसेनात. टीव्हीच्या मागे जायला जागा नव्हती. कपाटाला टेकूनच तो उभा आहे. ते त्याच्या कडेला, भिंतीला पाठ लावून उभे राहिले, जिथून पडदा अजिबात दिसत नाही. सासूबाई जाग्या होऊन खुर्चीत येऊन बसल्या. "काय बिघडलंय?" त्यांनी विचारलं.

पाच मिनिटं फार मोठी असतात. पडदा काळा झाला आणि मग गच्ची आली.

भिंतीपासून आवाज आला, "आलं का?"

ठमी म्हणाली, "आलं, काका."

ते समोर आले नाहीत. मी म्हणाले, "या ना, बघा." त्यांनी मान हलवली. खाली वाकून पिशवीतून बनियनची गुंडाळी काढली, सोडली आणि आरसा ठमीपुढे धरला. चार वर्षांची असताना एक-दोनदा तिनेही तो धरला होता. तिला ते आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. ती टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली, आरसा मांडीत उभा केला, काकांकडे थोडा कलता केला आणि वरच्या कडेवर हनुवटी टेकवली.

मी काकांच्या बाजूलाच उभी होते, त्यामुळे त्यांना जे दिसत होतं तेच मला दिसत होतं. आरशात त्यांची मुलगी, ओल्या केसांची. आणि तिच्या वर माझी.

मला ठमीला तिथून ओढून काढावंसं वाटलं. माझा हात पुढे गेलाही असेल. काकांच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. एकामागून एक चित्रं जात होती. एकात ते स्वतः होते, दुकानातल्या स्टुलावर बसून झोपलेले, तोंड उघडं, मांडीवर मीटर. "हा कधी काढला हिने, अजून कळलं नाही मला," ते म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "कुणाचं चाललंय काय ते मला पण सांगा," आणि ठमी हनुवटी न हलवता सांगायला लागली, "आजी, काकांकडची ताई आहे. आता पायऱ्यांवर बसलीये. आता कुत्र्याच्या पिल्लाला घेतलंय. आता..."

ती थांबली. पांढरी चादर आली होती.

आरसा किंचित कलला. आता त्यात आमचं छत दिसत होतं आणि पंख्याचं एक पातं.

"हललीस तू," काका म्हणाले.

"हो, पाय अवघडला."

"काय होतं आत्ता?"

ठमी पडद्याकडे बघत होती. तिचा चेहरा मला आरशाच्या वर स्पष्ट दिसत होता. तो मी कधी पाहिला नव्हता असा होता. "काही नाही, काका," ती म्हणाली. "डोंगर."

काका आरशातल्या पात्याकडे बघत होते. मग "बरं," म्हणाले.

आरसा परत सरळ झाला. गच्ची आली होती.

टीव्ही परत न्या, आम्ही तुमच्याकडे इंटरनेट जोडून देतो, असं नवऱ्याने त्यांना दोनदा सांगितलं. ते नको म्हणाले. ठमीने एक रविवार घालवून पडद्यावरचे सगळे फोटो एकेक करून आपल्या फोनमध्ये काढले आणि छापून आणून त्यांना दिले. एक सोडून. ते त्यांनी घेतले, पण दर आठवड्याला टीव्ही बघायला येतात, मीटर घेऊन, टीव्हीला मीटर लावण्यासारखं काही नसलं तरी. सासूबाई त्यांना विचारतात, "आज काय घातलंय तिने?" आणि ते सोफ्यावर आरसा उभा करून, भिंतीला टेकून सांगतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ठमी म्हणाली, "आई, माझंही खातं जोडून ठेवू का यावर? माझेही फोटो येत राहतील. तुला आणि आजीला दिसेन मी."

"नको," मी म्हणाले.

इतक्या जोरात म्हणाले की तिने रिमोट खाली ठेवला.

तिला जाऊन आता सहा आठवडे झाले. दररोज जेवणं झाल्यावर तिचा फोन येतो आणि ती टीव्हीवर येते, सासूबाईंना दिसेल एवढी मोठी. फोनच्या वेळेच्या आधी मी रिमोट हातात घेऊन बसते आणि दर चार मिनिटांनी बटण दाबते. त्या पडद्यावर आधी माझीच आली पाहिजे. कधी उशीर होतो. परवा चाळीस मिनिटं झाला. मी दहा वेळा बटण दाबलं. मग ती आली, केस ओले होते, हसत होती. "काय गं, अशी काय बघतेस?" म्हणाली.

"केस पुसून घे," मी म्हणाले. "ताप येईल."

ती बोलून गेली, सासूबाई आत गेल्या, आणि मग मी रिमोट खाली ठेवला. आता रोजच ठेवते. समोर बसून राहते. पाच मिनिटांनी दुसरी येते. तिच्याही समोर कुणीतरी बसायला हवं.